ते ‘पाडस’ उचलू नका, ती पूर्ण वाढलेली पिसोरी असू शकते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोकण, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यातून ‘हरणाचे दुर्मिळ पाडस सापडले, ग्रामस्थांनी दिले जीवदान’ अशी बातमी अधूनमधून छापून येते. सोबत छायाचित्र असते. कुणीतरी ठिपक्यांचा एवढासा प्राणी छातीशी धरलेला असतो, भोवती दहा-पंधरा माणसे असतात आणि बऱ्याचदा दुधाची बाटलीही असते. धरणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण यातल्या कित्येक छायाचित्रांतला प्राणी पाडस नसतोच. ती पूर्ण वाढलेली पिसोरी असते आणि मादी असेल तर तिचे खरे पिल्लू त्या वेळी मागे झाळीत, म्हणजे दाट झुडपांत, एकटे बसलेले असण्याची शक्यता असते. या प्राण्याच्या सवयी माहीत असत्या तर त्याला कुणी हातही लावला नसता, म्हणून हे सविस्तर पत्र.

भारतातल्या खुरांच्या प्राण्यांत पिसोरी सर्वांत लहान. खांद्यापाशी उंची २५ ते ३० सेंटीमीटर, लांबी साधारण ५० ते ६० सेंटीमीटर आणि वजन तीन किलोच्या आसपास. यापेक्षा ती मोठी होतच नाही. तिचे नवजात पिल्लू काहीशे ग्रॅमचे असते, ओंजळीत मावेल इतके. त्यामुळे दोन्ही हातांनी धरावा लागणारा, अंगाने भरलेला, पाठीला बाक असलेला ठिपकेदार प्राणी दिसला की तो प्रौढ आहे असेच धरून चालावे. भेकराच्या आणि चितळाच्या पाडसांनाही ठिपके असतात आणि घोटाळा तिथेच होतो. पण त्यांचे पाय अंगाच्या मानाने लांब आणि अंगकाठी शिडशिडीत. पिसोरीचे पाय आखूड आणि पेन्सिलीएवढे बारीक, मागचा भाग खांद्यांपेक्षा उंच, डोके लहान आणि डोळे मोठे. कुशीवरचे पांढुरके ठिपके सुटे न राहता रांगेत एकमेकांना मिळून पट्ट्यांसारखे दिसतात. गळ्याखाली पांढरे तिरपे पट्टे असतात. शेपटी जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. भेकराच्या तोंडावर डोळ्यांपासून कपाळाकडे जाणाऱ्या दोन काळसर रेघा असतात, तशा पिसोरीला नसतात. लांबून मोबाइलवर काढलेल्या एका फोटोवरूनही एवढे ओळखता येते, त्यासाठी जनावराला उचलावे लागत नाही.

बातम्यांत आणखी एक चूक पुन्हा पुन्हा होते आणि ती अधिक धोक्याची आहे. पिसोरीला कस्तुरी मृग म्हटले जाते. कस्तुरी मृग हिमालयातल्या उंच जंगलांत राहतो, सह्याद्रीत तो नाही. दोघांनाही शिंगे नसतात आणि दोघांच्याही नरांचे वरचे सुळे वाढून ओठांबाहेर येतात, एवढ्या साम्यावरून हा गैरसमज झाला आहे. पिसोरीच्या अंगात कस्तुरी नसते, कस्तुरीची ग्रंथीही नसते. वर्तमानपत्रात ‘कस्तुरी मृग सापडला’ असे छापून आले की फासे लावणाऱ्याच्या डोक्यात किंमत शिरते आणि त्याची झळ या मुक्या जिवाला बसते. आपल्यासारख्या जबाबदार दैनिकाने तरी हा शब्द कटाक्षाने टाळावा.

खरे तर पिसोरी हरीणही नाही. हरणांचे कूळ वेगळे, हिचे वेगळे. हिच्या कुळातले प्राणी आज फक्त दक्षिण आशिया, आग्नेय आशिया आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेच्या वर्षावनांत उरले आहेत. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत हे सर्वांत जुन्या धाटणीचे कूळ. गाय, शेळी, हरीण यांच्या पोटाला चार कप्पे असतात, पिसोरीला तीनच, कारण तिसऱ्या कप्प्याची वाढ तिच्यात झालेलीच नाही. पायाला चार पूर्ण बोटे असतात. चिखलात उमटलेला ठसा मात्र दोन टोकदार खुरांचा, दीड-दोन सेंटीमीटरचा असतो. भारत आणि श्रीलंकेतले हे सगळे प्राणी एकाच जातीचे मानले जात. २००५ साली त्यांची फोड झाली आणि भारतातली पिसोरी स्वतंत्र जात ठरली.

आता तिच्या राहणीकडे येतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. बिबट्या, कोळसुंदा, रानमांजर, अजगर, मोठी घुबडे, शिकारी गरुड, सगळ्यांच्या तोंडी सहज येईल असे तीन किलोचे हे जनावर. शिंगे नाहीत, कळप नाही, लांब पल्ल्याची धावही नाही. तिच्या हाती एकच उपाय आहे, न दिसणे. दिवसभर ती ढोलीत, खडकाच्या कपारीत, पडलेल्या ओंडक्याखाली किंवा कारवीच्या गचपणात बसून असते. संधिप्रकाशात आणि रात्री एकटीच बाहेर पडते. रोजच्या वाटा ठरलेल्या असतात. झुडपांच्या बुंध्यालगत, पाचोळ्यावरून जाणारी बोगद्यासारखी पायवाट, आपण गुडघ्यावर बसलो तरच दिसेल अशी. पाऊल टाकते ते खुरांच्या टोकांवर. संशय आला की आधी जागच्या जागी थिजते. अंगावरचे ठिपके पाचोळ्यावरच्या कवडशांत मिसळून जातात आणि दोन-तीन मीटरवरून चालणाऱ्या माणसालाही ती दिसत नाही. अगदी पाय पडण्याच्या बेतात आला की मगच झेप घेऊन पळते आणि जवळच्या आडोशाला पुन्हा थिजते.

हे थिजणे बिबट्यासमोर कामी येते. गाडीच्या दिव्यासमोर, वणव्यासमोर आणि माणसाच्या हातासमोर तेच तिच्या जिवावर उठते. ‘अगदी माणसाळलेले होते हो, पळालेसुद्धा नाही’ असे जे सांगितले जाते ते यामुळे. ते माणसाळणे नसते, ती भीतीची शेवटची पायरी असते.

तिचा मुख्य आहार झाडांखाली पडलेली फळे, त्याच्या जोडीला कोवळी पाने, कोंब, लहान वनस्पती. उंबरवर्गातली फळे, आवळा, बेहडा ही तिच्या आवडीची. फळ गिळून ती आडोशाला जाते आणि निवांत रवंथ करते. कठीण बिया त्या वेळी तोंडातून बाहेर टाकल्या जातात. म्हणजे आवळ्याची बी मूळ झाडाखाली न राहता थोड्या अंतरावरच्या सावलीत पोहोचते. हे काम जंगलात भेकर, सांबरही करतात, पण दाट झुडुपाच्या आत, जिथे मोठे जनावर शिरत नाही, तिथे ते पिसोरी करते. म्हणूनच हिला जंगल लागते ते तीन थरांचे. वर फळे देणारी जुनी झाडे, मध्ये झुडूप आणि खाली पाचोळा. यातला एक थर गेला की उरलेले दोन असूनही पिसोरी टिकत नाही.

गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा. एका वेळी एक, क्वचित दोन पिल्ले. पिल्लू जन्मल्यावर तासाभरात उभे राहते, पण आईमागे हिंडत नाही. आई त्याला झाळीत लपवून चरायला जाते आणि पाजण्यापुरती परत येते. या कुळातल्या माद्या व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येतात. एका पिल्लाला पाजणारी मादी त्याच वेळी दुसऱ्याने गाभण असते. म्हणजे धडधाकट मादीच्या आयुष्यात मोकळा काळ जवळजवळ नसतोच. आपण ‘पाडस’ म्हणून एक मादी उचलून गावात आणतो तेव्हा बहुधा एक नव्हे, दोन जीव तिच्यावर अवलंबून असतात.

आता सापडलीच तर काय करायचे ते. काजूच्या बागेत बेणणी करताना, गवत कापताना किंवा लाकडे उचलताना पिसोरी किंवा तिचे पिल्लू दिसले आणि त्याला जखम दिसत नसेल, तर काम त्या जागेपुरते थांबवावे, ग्रासकटर बंद करावा, कुत्री बांधावीत आणि माणसे दूर न्यावीत. पन्नासेक मीटर तरी. ‘आई येते का बघू’ म्हणून झाडाआड बसून राहू नये, कारण माणसाचा वास येत राहिला तर ती येत नाही. अंधार पडल्यावर तिचे ती नेते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरूनच नजर टाकावी. पिल्लू त्याच जागी निपचित पडलेले असेल, अंगाला मुंग्या लागल्या असतील, तरच मदतीची गरज आहे असे समजावे आणि वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा.

कठडा नसलेल्या विहिरीत पडणे हा कोकणातला नेहमीचा प्रकार. पिसोरी पोहते, पण खडी भिंत चढता येत नाही आणि ती दमून बुडते. वनविभागाचे लोक येईपर्यंत सुके लाकूड, केळीचा खुंट किंवा हवा भरलेली ट्यूब दोरीला बांधून पाण्यात सोडावी, म्हणजे तिला टेकायला आधार मिळतो. काठावर गर्दी आणि आरडाओरडा नको. दर खेपेला वरून डोके दिसले की ती पुन्हा हातपाय मारते आणि राहिलेली ताकद संपवते. बाहेर काढताना दोरीचा फास पायात किंवा गळ्यात कधीही अडकवू नये, इतक्या बारीक पायाचे हाड एका झटक्यात मोडते. मोठी पाटी किंवा क्रेट चारही बाजूंनी बांधून पाण्याखालून वर घ्यावा.

हाताळावेच लागले तर आधी डोळ्यांवर आणि अंगावर जाडसर सुती कापड टाकावे. अंधार झाला की झटापट निम्म्याने कमी होते. पाय धरून उचलू नये, एक हात छातीखाली आणि एक मागच्या भागाखाली घालून अंगाशी धरावे. नराचे सुळे बारीक पण धारदार असतात, चावले तर खोल जखम होते. मग हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला पोते किंवा सुके गवत घालून ठेवावे. खोके सावलीत आणि शांत जागी असावे, आत डोकावायला कुणाला देऊ नये.

दूध पाजू नये, हे तर मोठ्या अक्षरात छापावे असे आहे. प्रौढ पिसोरीच्या रवंथाच्या पोटात गाईचे दूध गेले की ते आंबते आणि पोट फुगते. बाटलीने जबरदस्ती केली तर दूध श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनियाने जनावर जाते. पाणीसुद्धा तोंडात ओतू नये, उथळ ताटलीत शेजारी ठेवावे. काही तास उपाशी राहिल्याने तिला काही होत नाही.

जिवाला खरा धोका असतो तो धास्तीचा. पकडणे, पाठलाग, हातोहात फिरवणे याने स्नायूंवर एवढा ताण येतो की ते आतून निकामी होऊ लागतात, त्यातून बाहेर पडणारी द्रव्ये मूत्रपिंडे बंद पाडतात आणि वरवर ठीक दिसणारे जनावर काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी अचानक मरते. सोडताना ‘टुणटुणीत’ होते असे ज्याच्याबद्दल सांगितले जाते, त्याचे पुढे काय झाले हे कुणीच पाहिलेले नसते. म्हणून फोटोसेशन हा इथे निरुपद्रवी हौसेचा भाग राहत नाही. कुत्र्याने तोंडात धरलेली पिसोरी केसांवरून धड दिसली तरी तिला पशुवैद्यकाला दाखवलेच पाहिजे. दातांची भोके बारीक असतात, पण आत जंतुसंसर्ग पसरतो. जखम नसेल तर त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर, जिथे सापडली तिथेच सोडावी. खोक्याचे तोंड झाळीकडे करावे, माणसांनी मागे उभे राहावे, आणि ती आपणहून बाहेर पडेपर्यंत खोके उपडे करू नये. अभयारण्यात नेऊन सोडली की ती अधिक सुरक्षित, ही समजूतही सोडून द्यावी. ओळखीच्या वाटा, ढोल्या, फळझाडे यांवरच तिचा जीव तगतो. अनोळखी जागी पहिल्या काही रात्रींतच ती शिकाऱ्याच्या तोंडी जाण्याची भीती असते.

कायद्याची बाजू थोडक्यात. पिसोरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे या कायद्याने दिलेले सर्वोच्च संरक्षण. शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. प्रेमाने घरात ठेवून वाढवणे हाही गुन्हाच आहे.

तरीही उचलून आणलेल्या पिसोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक फासकीत जात असाव्यात, हे फासे जिथे लागतात ती जागा पाहिली की पटते. रानडुकरासाठी आणि सशासाठी क्लचवायरची फासकी शेताच्या गडग्याला, बांधाला, कुंपणाच्या फटीला लावली जातात. पिसोरीच्या वाटा याच फटींतून जातात आणि सशाच्या उंचीचा फास तिच्या गळ्याच्या उंचीवर येतो. वायर निवड करत नाही. व्हिएतनाममध्ये तारेच्या फाशांनी काय झाले ते जगाने पाहिले आहे. तिथली रुपेरी पाठीची पिसोरी सुमारे तीन दशके कुणाला दिसलीच नव्हती. स्थानिकांच्या माहितीवरून लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) ती पुन्हा सापडली आणि २०१९ मध्ये तसे जाहीर झाले. आपल्याकडे ती वेळ यायची वाट पाहण्याचे कारण नाही. पीक काढल्यावर गडग्यालगत एक फेरी मारून सगळी फासकी काढून, तार गुंडाळून घरी आणणे हे प्रत्येक शेतकऱ्याला जमणारे काम आहे. पीक उभे असताना लावलेले फास पुढे महिनोन्‌महिने तिथेच विसरले जातात आणि मारत राहतात.

वणव्याचेही तसेच. फेब्रुवारी ते मे या काळात गवतासाठी, राबासाठी, कधी नुसत्या हौसेने लावलेली आग डोंगर चढते. मोठी पिसोरी कदाचित निसटते, लपवून ठेवलेले पिल्लू मात्र जागचे हलत नाही, कारण हलायचे नाही हेच त्याला उपजत ठाऊक असते. वाचलेल्या प्राण्यांनाही पुढे पाचोळा नाही, लपण नाही, पडलेली फळे नाहीत. दोडामार्ग-तिळारी भागात मिश्र जंगल तोडून रबर आणि अननस आला, तिथे वरून पाहिले तर हिरवे दिसते. जमीन मात्र झाडलोट केल्यासारखी उघडी असते. वर सांगितलेल्या तीन थरांपैकी तिथे एकच उरतो. खासगी जंगलमालकांना बाग करायचीच असेल तर निदान ओहोळाच्या दोन्ही काठांची झाळी आणि ढोलीची जुनी झाडे राखावीत. पोकळ झाड लाकूड म्हणून कवडीमोल असते, त्यामुळे ते उभे ठेवण्यात मालकाचे फारसे नुकसान नाही. देवरायांत आजही हे सगळे एकत्र सापडते, म्हणून देवराईचा जीर्णोद्धार करताना खालचे झुडूप ‘स्वच्छ’ करून फरशी घालण्याआधी गावाने एकदा विचार करावा.

गणनेबद्दलही लिहायला हवे. वाघ-बिबट्यांसाठी कॅमेरा ट्रॅप गाडीरस्त्याच्या आणि रुळलेल्या वाटांच्या कडेला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर लावतात. पिसोरी उघड्या रस्त्यावर फारशी येत नाही आणि आली तरी तिची पाठ कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या टप्प्याखालून जाते. परिणामी तिचे फोटो कमी येतात आणि ‘संख्या नगण्य’ किंवा ‘आढळ नाही’ अशी नोंद होते. कोयना-चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, राधानगरी, फणसाड अशा ठिकाणी तिचा नेमका अंदाज हवा असेल तर काही कॅमेरे रस्ता सोडून आत, ओहोळालगत आणि फळे गळणाऱ्या झाडांखाली, जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर, जमिनीला समांतर लावावे लागतील. समोरचे गवताचे एखाद-दुसरे पाते काढावे, नाहीतर वाऱ्याने हलून बॅटरी आणि कार्ड दोन्ही संपते. झाळी मात्र छाटू नये, छाटली की पिसोरी वाट बदलते. फोटोत दिवस-रात्रीची वेळ, नर-मादी, सोबत पिल्लू आहे का, एवढे नोंदले तरी वर्षभरात पुष्कळ कळेल.

हैदराबादच्या नेहरू प्राणी उद्यानात २०१० पासून पिसोरीची पैदास सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिथे वाढलेले प्राणी तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात सोडले गेले. काम मोलाचे आहे. पण त्यासाठी शास्त्रज्ञ, पशुवैद्यक, वनखाते अशी मोठी फौज आणि सात वर्षे लागली. सह्याद्रीत ती अजून आपली आपण जगते आहे. इथे वायर काढणे, आग न लावणे आणि हात न लावणे एवढ्यावर बरेच भागते.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे दोन मागण्या. पिसोरी हातात धरलेला फोटो, तो कुणाचाही असो, छापू नये, कारण तो पाहून पुढचा माणूस तेच करतो. आणि ती कुठे दिसली ते सांगताना तालुक्यापलीकडे जाऊ नये. वाडीचे किंवा पाणवठ्याचे नाव छापले की तिथे आधी कॅमेरेवाले पोहोचतात, आणि त्यांच्या मागोमाग बॅटऱ्या घेतलेले शिकारी.

आपला,
सह्याद्रीतील वन्यजीवांचा एक अभ्यासक